बालाघाटचे थर आणि विभंग : डोंगराचा काप कसा काढायचा

बालाघाटात खडक वाचायला निघालात तर आधी उंची मोजायला शिका, कल मोजणं नंतर. हरिश्चंद्राच्या रांगेतून फुटून नगर, बीड, धाराशिव, लातूर असा पसरत गेलेला हा डोंगर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्ह्याच्या थरांचा आहे. थर इतके सपाट आहेत की क्लिनोमीटर, म्हणजे कल मोजायचं साधन, लावला तर काटा शून्याच्या आसपासच डुलतो. अर्ध्या अंशाचा कल म्हणजे किलोमीटरला पावणेनऊ मीटर उतार, एक अंशाचा म्हणजे साडेसतरा. डोळ्याला न दिसणारा अर्धा अंश पाच किलोमीटरवर चाळीसेक मीटरचा फरक पाडतो. तो फरक पाहून घाईघाईने नकाशावर विभंगाची, म्हणजे फॉल्टची, रेघ मारणं ही ट्रॅपच्या, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांच्या बेसाल्टच्या, मुलखातली सगळ्यात मोठी चूक. म्हणून क्रम असा ठेवायचा : आधी उंच्या, मग थर, मग थरांची जोडणी आणि सगळ्यात शेवटी विभंग.

निघण्याआधी

सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा लागतो. जुन्या क्रमांकानुसार छत्रपती संभाजीनगरचा परिसर ४७ एम मध्ये, बीडच्या दक्षिणेचा डोंगर ४७ एन मध्ये आणि लातूर ५६ बी मध्ये येतो. या नकाशांवर समोच्चरेषा बहुधा २० मीटरच्या अंतराने असतात, म्हणजे निव्वळ नकाशावरून काढलेल्या उंचीत दहा मीटरची चूक धरूनच चालायचं. इस्रोच्या भुवन पोर्टलवरची उपग्रहचित्रं आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवरचा जिल्ह्याचा भूशास्त्रीय नकाशा घरीच पाहून ठेवा. डोंगरात रेंज मिळेलच असं नाही.

सोबत ८०० ग्रॅम ते १ किलोचा हातोडा, १० पट मोठं दाखवणारं भिंग, ३० मीटरची टेप, होकायंत्र, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशव्या, पक्क्या शाईचा पेन आणि ड्रॉपरच्या बाटलीत १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल. आम्ल कॅल्साइट आणि झिओलाइट या खनिजांत फरक करायला लागतं. दोन्ही पांढरे असतात, पण कॅल्साइट फसफसतो आणि झिओलाइट गप्प राहतो.

होकायंत्राबद्दल एक सूचना. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं आणि माथ्यावरच्या खडकावर वीज पडलेली असेल तर सुई चांगलीच बहकते. दगडाला टेकवून दिशा घेऊ नका. एक ठिकाण पाहून दिशा घ्या, त्या ठिकाणी जाऊन उलटी दिशा घ्या. दोन्हींत बरोबर १८० अंशांचा फरक आला नाही तर दोहोंपैकी एका जागेवर सुई खेचली जाते आहे.

कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. गवत वाळलेलं असतं आणि झरे अजून आटलेले नसतात, त्यामुळे पाणी कोणत्या पट्ट्यातून पाझरतं ते दिसतं. विहिरी मात्र एप्रिल-मेमध्ये पाहायच्या, पाणी तळाला गेल्यावर सगळा काप, म्हणजे थरांचा उभा छेद, उघडा पडतो. विहिरीच्या काठावर टेप सोडताना दोघं असावेत, आणि वापरात नसलेल्या जुन्या विहिरीत कधीही उतरू नये, तळाशी प्राणवायू कमी असू शकतो. कड्याच्या कपारीत आग्या मोहळ आहे का, ते लांबून पाहून घ्या. हातोड्याचा आवाज आणि धूर दोन्ही माश्यांना चालत नाहीत. अजिंठा, वेरूळ, देवगिरी इथे हातोडा पिशवीतच राहील. ती संरक्षित स्मारकं आहेत, तिथे फक्त पाहायचं आणि फोटो काढायचे.

उंची : निम्मं काम इथेच

फोनचा जीपीएस आडवी जागा पाच-सात मीटरच्या आत दाखवतो, पण उंचीत सहज दहा-वीस मीटर चुकतो. ज्या फोनमध्ये वायुदाबाचा सेन्सर आहे तो जवळच्या दोन जागांमधला फरक छान दाखवतो, पण दिवसभरात घसरतो. आपल्याकडे वायुदाब सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी असतो. फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा. सहाशे मीटर उंचीवर एक हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे नऊ मीटर. म्हणजे एकाच दगडावर बसून राहिलात तरी संध्याकाळपर्यंत फोन तुम्हाला तीस मीटर वर चढवून ठेवतो! बोल (दोन लाव्हाथरांमधली लाल, भाजलेली माती) "पूर्वेकडे चढत गेला" असा निष्कर्ष निघतो, प्रत्यक्षात चढलेली असते फक्त दुपार.

उपाय सोपा आहे. पायथ्याशी एक पक्की खूण निवडा : पुलाचा कठडा, देवळाची पायरी, नकाशावर उंची छापलेला बिंदू. दहा वाजता तिथे वाचन घ्या आणि दर दीड-दोन तासांनी परत तिथे, किंवा नोंदवलेल्या दुसऱ्या खुणेवर या. समजा दहा वाजता ६१२ आणि दोन वाजता त्याच जागी ६३६ आलं. चार तासांत २४ मीटरची घसर, म्हणजे बारा वाजताच्या वाचनातून १२ वजा करायचे. प्रत्येक वाचनाशेजारी वेळ लिहिलेली नसेल तर ते वाचन टाकून द्यायचं, त्याचा दुसरा काही उपयोग नाही.

एका कड्याच्या आतली जाडी मोजायला दाबाचा सेन्सर वापरूच नका. तिथे पाणलोटाच्या कामावर वापरतात तो हायड्रोमार्कर (पाण्याने समपातळी दाखवणारं साधन), नाहीतर गवंड्याची पाण्याची नळी कामाला येते. एकट्याने काम असेल तर डोळ्याच्या उंचीची पद्धत : जमिनीपासून डोळ्यापर्यंतची उंची मोजा (समजा १.६ मीटर), फोनचा लेव्हल शून्यावर धरून समोरच्या उतारावर नेमका आडवा दिसणारा दगड हेरा, तिथे जाऊन उभे राहा, पुन्हा तेच. तीस मीटरचा उतार एकोणीस टप्प्यांत संपतो. टप्पे मोजताना एक विसरलात की चूक थेट १.६ मीटरची, म्हणून दर टप्प्याला वहीत उभी रेघ मारा.

एक प्रवाह कसा ओळखायचा

लाव्ह्याच्या एका लोटातून थिजलेल्या थराला प्रवाह म्हणतात. मराठवाड्यात विहीर खणणाऱ्यांकडे त्याच्या भागांना आधीपासून शब्द आहेत, आणि ते भूशास्त्राच्या शब्दांशी बऱ्यापैकी जुळतात : काळा पाषाण, मांजऱ्या, मुरूम, गेरू. खालून वर वाचत जायचं, कारण तो त्याच क्रमाने घडला आहे.

तळाशी एक पातळ, बारीक दाण्याची, कधी काचेसारखी कड असते. बुडाखालच्या ओल्या जमिनीतून वाफ वर घुसल्यामुळे तिथे पेन्सिलीएवढ्या जाडीच्या उभ्या नळ्या सापडतात. लांबी बोटभर ते वीतभर, बहुतेक वेळा पांढऱ्या झिओलाइटने भरलेल्या. नळ्या एका बाजूला झुकलेल्या असतील तर लाव्हा कोणीकडे सरकत होता ते कळतं. एका नळीवर विसंबू नका, वीसेक नळ्यांची दिशा घ्या.

त्याच्या वर घट्ट गाभा, म्हणजे काळा पाषाण. हातोडा मारला की खणकन वाजतो, फुटताना धारदार कपच्या निघतात, आणि अंगात उभ्या भेगा असतात, कधी नीट सहा बाजूंचे खांब, बहुधा वेडेवाकडे ठोकळे. गाभा कुजायला लागला की कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि मधे गोल गोटा उरतो. मुरमातला हा गोटा पाहून नदीचे गोटे समजू नका. नदीचा गोटा हातात घेतला की गुळगुळीत लागतो, याच्यावर पापुद्र्यांची कवचं चिकटलेली असतात.

मग सच्छिद्र भाग, मांजऱ्या. वायूच्या बुडबुड्यांची भोकं आणि त्यांत भरलेले स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, क्वार्ट्झ, अकीक किंवा कॅल्साइट. हातोडा मारला तर बद्द आवाज. इथे एक बारकावा फार कामाचा आहे : माथ्याजवळ भोकं बारीक आणि दाट असतात, खाली जावं तशी मोठी आणि विरळ होत जातात. पडलेला ठोकळा उलटा आहे की सुलटा, आणि कापात प्रवाहाचा माथा कोणत्या बाजूला आहे, हे यावरून ठरवता येतं. हा सच्छिद्र भाग एकूण जाडीचा तिसरा हिस्सा ते निम्मा असतो. कुठे दोन-चार हातच दिसला तर वरचा भाग झिजून गेला असेल, नाहीतर तुम्ही प्रवाहाची हद्द चुकीच्या जागी धरली असेल.

माथा दोन प्रकारचा. गुळगुळीत किंवा दोरखंडासारख्या वळ्यांचा असला तर पाहोएहोए. तुटक्या, कोनेदार तुकड्यांचा लालसर चिवडा असला तर वरचा कवच मोडत वाहिलेला प्रवाह. असा चिवडा कित्येक मीटर जाड असू शकतो. नवखा माणूस त्यालाच फॉल्टमधली भरड समजतो. ओळखायची खूण : चिवडा आडव्या पट्ट्यात पसरतो आणि त्याच्या तळाला तो हळूहळू गाभ्यात विरतो. फॉल्टची भरड उभ्या किंवा तिरप्या पट्ट्यात असते आणि दोन्ही बाजूंना स्पष्ट कडा असतात.

सगळ्यात वर, दोन प्रवाहांच्या मधे, लाल बोल. स्थानिक बोलीत गेरू. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात माथा कुजून आणि राख-माती साचून तयार झालेला थर, नंतर वरच्या तापलेल्या लाव्ह्याने भाजलेला. जाडी बोटभर ते दीड-दोन मीटर. रंग विटकरी, कधी चॉकलेटी, कधी हिरवट. नखाने उकरता येतो आणि ओला केला की चिकट होतो. प्रत्येक दोन प्रवाहांमधे तो असेलच असं नाही, आणि असला तरी काही किलोमीटरवर विरून जाऊ शकतो.

जीभ आणि प्रवाह : मोजणी इथे बिघडते

एखाद्या कापात दोन-तीन मीटरचे पंधरा थर दिसतात, प्रत्येकाला स्वतःचा भोकांचा किनारा. लगेच पंधरा प्रवाह असं लिहून मोकळे होऊ नका. पाहोएहोए लाव्हा पुढे सरकताना लहान लहान जिभा बाहेर टाकतो. एका जिभेवर दुसरी चढते, तिच्या कुशीत तिसरी शिरते. या सगळ्या मिळून एकच संयुक्त प्रवाह. दोन जिभांच्या मधे बोल नसतो, कुजल्याची खूण नसते, आणि हद्द पन्नास-शंभर मीटरवर वळून बंद होते. जी हद्द किमान किलोमीटरभर, दोन-तीन सोंडांवर त्याच उंचीच्या आसपास सापडते तीच प्रवाहाची हद्द धरायची.

सह्याद्रीकडे संयुक्त प्रवाह जास्त, पूर्वेकडे यावं तसे जाड, एकसंध प्रवाह वाढत जातात. बालाघाटात दोन्ही भेटतात.

दुरून वाचायची सवय इथे उपयोगी पडते. दुपारी चार-पाचच्या तिरप्या उन्हात समोरच्या डोंगराचा फोटो घ्या. घट्ट गाभा कडा होऊन उभा राहतो, मांजऱ्या आणि बोल झिजून सपाट पट्टा होतो. ट्रॅप हा शब्दच पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. पावसाळा सरल्यावर या पट्ट्यांवर झाडांची हिरवी ओळ उरते, कारण मांजऱ्यातून उतरलेलं पाणी बोलच्या चिकणमातीवर अडतं आणि बाहेर पडतं. मांजरसुंब्याचा घाट, सौताड्याला विंचरणा जिथे उडी घेते तो कडा, अंबाजोगाईला मुकुंदराजांच्या समाधीकडे उतरणारी दरी, उत्तरेला कन्नडचा घाट : या जागांवर पायऱ्या उघड्या आहेत. घाटरस्त्याचा काप वाचताना वाहनांकडे पाठ करू नका आणि वळणावर थांबू नका.

प्रवाहांना नावं देण्याचा मोह टाळा. सह्याद्रीत इगतपुरी, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी संघनामं, म्हणजे प्रवाहांच्या गटांची नावं, आहेत, पण ती टायटॅनियम, स्ट्राँशियम, झिर्कोनियम यांच्या प्रमाणावरून ठरतात. भिंगाने ठरत नाहीत. वहीत सरळ "थर १, थर २" लिहा.

बोअरच्या चुऱ्यातून जमिनीखालचा थर

डोंगर संपला की काळी माती लागते आणि काप दिसेनासा होतो. पण मराठवाड्यात प्रत्येक शिवारात बोअर आहेत, आणि गाडी चालू असताना हजर राहिलात तर फुकटात खोलीचा काप मिळतो. दर दहा फुटांना बाहेर पडणारा चुरा ओंजळभर गोळा करा, पाण्यात दोनदा धुवा, पिशवीवर खोली लिहा. राखाडी-काळी बारीक पूड आणि ड्रिलचा वेग मंद : गाभा. पांढरे चमकते कण आणि वेग वाढलेला : मांजऱ्या. धूळ विटकरी झाली आणि बोअरवाला "लाल लागलं" म्हणाला : बोल. त्या क्षणी किती रॉड आत आहेत ते मोजा, अंदाज विचारू नका.

चुका तीन. वरच्या बोलची लाल माती ढासळून खालपर्यंत पडत राहते, म्हणून लाल रंग पहिल्यांदा कुठे आला तीच खोली खरी, कुठे संपला ती नाही. पाणी लागल्यावर चुऱ्याचा चिखल होतो आणि रंग फसवतो, तेव्हा धुतलेले कण भिंगाखाली पाहा. तिसरी चूक सगळ्यांकडून होते : खोलीच नकाशावर चढवणं. बोअरच्या तोंडाची समुद्रसपाटीपासूनची उंची घ्या, फुटांचे मीटर करा (१० फूट म्हणजे ३.०५ मीटर), आणि वजाबाकी करून बोलची उंची लिहा. एका बोअरमध्ये १२० फुटांवर आणि शेजारच्यात १८० फुटांवर लाल लागलं, तर बहुतेक वेळा जमीनच तेवढी चढलेली असते.

तीन विहिरींवरून कल

तीन जागी एकाच बोलची उंची हाती आली की कल काढता येतो. समजा अ विहिरीत बोल ६४० मीटरवर आहे. ब विहीर अ च्या पूर्वेला ३ किलोमीटर, बोल ६२२ वर. क विहीर अ च्या दक्षिणेला २ किलोमीटर, बोल ६३४ वर. पूर्वेकडे किलोमीटरला ६ मीटर उतार, दक्षिणेकडे किलोमीटरला ३ मीटर. दोन्हींचे वर्ग करून बेरीज ४५, वर्गमूळ ६.७. म्हणजे थर पूर्व-आग्नेयेला किलोमीटरला ६.७ मीटर, म्हणजे जेमतेम ०.४ अंश उतरतो.

आता याच्या जोरावर चौथ्या जागेचं भाकीत करा. अ पासून ४ किलोमीटर पूर्व आणि २ किलोमीटर दक्षिण असलेल्या ड विहिरीत बोल ६४० वजा २४ वजा ६, म्हणजे ६१० च्या आसपास असायला हवा. ६०७ किंवा ६१४ आला तर सगळं ठीक. ५८५ आला तर थांबा. आणि इथे लगेच फॉल्ट म्हणायचं नाही, आधी विचारायचं : हा तोच बोल आहे का? एकाखाली एक दोन बोल असतील आणि ड मध्ये वरचा विरून गेला असेल, तर तुम्ही खालचा मोजला आहे. म्हणून बोलसोबत त्याच्या वरच्या आणि खालच्या प्रवाहाची ओळख नोंदवायची असते : खांब आहेत की ठोकळे, फेल्डस्पारचे मोठे स्फटिक दिसतात का, माथा गुळगुळीत की चिवडा. तीन खुणा जुळल्या तर थर तोच.

काप काढताना आडवं प्रमाण १:५०,००० आणि उभं १:२,००० घेतलं तर उभं प्रमाण २५ पट फुगतं. अर्ध्या अंशाचा कल कागदावर १२ अंशांचा दिसतो. कापाखाली "उभे प्रमाण २५ पट" असं ठळक लिहा, नाहीतर पाहणारा बालाघाटाला घड्या पडल्यात असं समजून जातो.

विभंग : सिद्ध होईपर्यंत भेगच

थर तुटून एक बाजू दुसऱ्याच्या मानाने सरकली असेल तरच विभंग. नुसती फट ही भेग, मग ती कितीही लांब असो. बेसाल्ट थिजतानाच आकसतो आणि भेगाळतो, त्यामुळे ट्रॅपमध्ये भेगांना तोटा नाही.

सुरुवात उपग्रहचित्रावरून. दोन किलोमीटरहून लांब, सरळ जाणारे नाले, एका ओळीत असलेल्या खिंडी, सरळ रेषेतली झाडी यांवर रेघा मारा. मग त्यांतल्या माणसाने केलेल्या रेघा खोडा : गाडीवाटा, शेताचे बांध, कालवे, विजेच्या तारांखालची तोडलेली झाडी. उरलेल्यांपैकी बहुतेक भेगांचे पट्टेच निघतात, ही तयारी मनाशी ठेवा.

जागेवर गेल्यावर रेघेला आडवी दहा मीटरची टेप ताणा आणि टेपला छेदणाऱ्या भेगा मोजा. प्रत्येकीची दिशा, उघडी रुंदी मिलिमीटरमध्ये, आत काय भरलंय, गंजाचा डाग आहे का. मग शंभर-दोनशे मीटर बाजूला, त्याच प्रवाहाच्या त्याच भागात तेच करा. गाभ्याची तुलना गाभ्याशीच, मांजऱ्यात मुळातच उभ्या भेगा कमी असतात. रेघेवरची संख्या बाजूच्या तीन-चार पट असेल तर तुटलेला पट्टा खरा. विहिरीच्या पाण्यासाठी एवढंच पुरतं. सरकण सिद्ध करायला मात्र दोन्ही बाजूंना तोच थर वेगळ्या उंचीवर दाखवावा लागतो, आणि तोही थोड्या अंतरात. पाच किलोमीटरमध्ये पसरलेला फरक हा कल. नाल्याच्या या काठावरून त्या काठावर, शंभर मीटरच्या आत पडलेला फरक हा विभंगाचा दावेदार. दाबाच्या सेन्सरने मोजलं असेल तर पंधरा मीटरखालच्या फरकाचा दावा करू नका. प्रवाहाचा माथा मुळातच उंच-सखल असतो आणि मोजणीची चूकही त्यातच मिसळते. नळीने मोजलं आणि थराची हद्द दोन्ही काठांवर हात लावण्याइतकी उघडी असेल तर एक-दोन मीटरही पुरतात.

खडकातला पुरावा : पिठासारखा दळलेला पट्टा, कोनेदार भरड, घासल्याच्या रेघा उमटलेले चकचकीत पृष्ठभाग, आणि त्यांवर पायऱ्यांसारखा चढलेला कॅल्साइट. घासल्याच्या रेघांची फसगत तीन ठिकाणी होते. बेसाल्टच्या खांबांच्या अंगावर दोन ते दहा सेंटिमीटर रुंदीचे आडवे पट्टे असतात, ते खांब टप्प्याटप्प्याने थिजत गेल्याचे, सरकण्याचे नव्हेत. बोलची माती भिजून फुगते आणि आपल्याच अंगावर घासून चकाकते. आणि काळ्या मातीत खड्डा घेतला तर हातभर खोलीवर तसेच चकचकीत, रेघाळलेले ढेकूळ निघतात, ते फुगणाऱ्या चिकणमातीचं काम आहे. खाणीत सुरुंगाच्या ताज्या भेगा भोकाच्या अर्ध्या नळीपासून फाकलेल्या असतात, त्यांत भरण नसतं, डाग नसतो.

याखेरीज घसरलेला उतार. बोलवरून अख्खी पायरी खाली सरकलेली असते, आणि समोरून ती विभंगासारखीच दिसते. घसरलेल्या ठोकळ्यातले थर डोंगराच्या आत झुकलेले असतात, आणि शेजारच्या सोंडेवर तो फरक सापडत नाही. खरा विभंग सोंडा ओलांडून जातो.

डाइक, म्हणजे भेगेत थिजून उभ्या राहिलेल्या लाव्ह्याच्या भिंती, मराठवाड्यात धुळे-नंदुरबारसारख्या गर्दीने नाहीत. सापडला तर खूण म्हणजे त्याचे खांब आडवे असतात, काठांवर बारीक दाण्याची कड असते, आणि दोन्ही बाजूंचे थर बहुधा समान उंचीवर राहतात.

किल्लारी काय शिकवते

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेला ६.२ तीव्रतेचा किल्लारीचा भूकंप ज्या विभंगावर झाला, तो वरच्या ट्रॅपमध्ये कुणी आधी दाखवलेला नव्हता. नंतर तिथे घेतलेल्या ६१७ मीटर खोल विवरात ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली ८ मीटर गाळाचे थर आणि मग प्राचीन नीस-ग्रॅनाइटचा पाया लागला. हालचाल पायातली होती, दाबाखाली एक बाजू दुसरीवर चढण्याची, म्हणजे व्युत्क्रम विभंग. जमिनीवर उमटलेल्या खुणा तेरणेच्या परिसरात थोड्याच अंतरात होत्या. म्हणून बेसाल्टमध्ये रेघ दिसली नाही याचा अर्थ खाली विभंग नाही असा घेऊ नये, आणि वर रेघ दिसली म्हणून ती भूकंपाची असं गावात सांगत सुटू नये. हिंगोलीकडे २०२४ च्या मार्च आणि जुलैत ४.५ च्या आसपासचे धक्के बसले, तिथेही पृष्ठभागावरच्या भेगा पाहून केंद्र ठरवता येत नाही. ते काम भूकंपमापकांच्या जाळ्याचं.

पाया उघडा पाहायचा असेल तर नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, देगलूर-बिलोलीकडे जा. ट्रॅप पातळ होत होत तिथे संपतो आणि गुलाबी ग्रॅनाइट वर येतो. बेसाल्टचा तळ त्या जुन्या जमिनीच्या उंच-सखलपणावर बसलेला असतो, त्यामुळे इथे तळाच्या उंचीत फरक दिसला तर तो सहा कोटी वर्षांपूर्वीच्या टेकडीचाही असू शकतो. विभंगासाठी तळ न धरता वरचा बोल धरा.

नकाशा शाईत उतरवताना तीन प्रकारच्या रेघा ठेवा. दोन्ही बाजूंचा थर हात लावून, मोजून पाहिला तिथे अखंड रेघ, खाली सरकलेल्या बाजूला आडवी खूण आणि शेजारी सरकण मीटरमध्ये. थर जुळला पण विभंगाची फट मातीखाली आहे तिथे तुटक रेघ. नुसता तुटलेला पट्टा किंवा चित्रावरची रेघ असेल तिथे ठिपके, आणि बाजूला "भेग, सरकण नाही" किंवा "सरकण तपासायची आहे" यांपैकी जे खरं असेल ते. पहिल्या हंगामाच्या नकाशावर बहुतेक रेघा ठिपक्यांच्याच निघाल्या तर काम बरोबर चाललंय.